पाव फेरा

मी क्रेनच्या पट्ट्याला लटकून बोलतोय. खाली टेकायच्या आत माझं ऐकून घ्या. एकदा टेकलो की मी भंगार.

मी रेडिओ दुर्बिणीचा रिसीव्हर. मोठ्या तबकडीच्या वर बसवलेला पत्र्याचा डबा, पोटात दोन दांडकी, एक आडवं, एक उभं. पल्सर नावाचे तारे भोवऱ्यासारखे गरगरतात आणि दर गिरकीला रेडिओ लहरींचा ठोका पाठवतात. त्या लहरी कोणत्या दिशेला कलून थरथरतात, हे माझी दांडकी सांगतात.

मी खालच्या फ्रिक्वेन्सीचा. मग शेजारी वरच्या फ्रिक्वेन्सीचा नवा, चकचकीत गडी आला, आणि एकाच ताऱ्याबद्दल आम्ही दोन गोष्टी सांगू लागलो. माझ्याकडे लहरी प्रार्थनेच्या रांगेतल्या पोरांसारख्या शिस्तीत, सगळ्यांचा कल एकाच दिशेला. त्याच्याकडे शाळा सुटल्यासारखा गोंधळ! खोटं कोणीच बोलत नव्हतं. ताराच फ्रिक्वेन्सी बदलली की वेगळा वागतो. हे पटलं फक्त पीएचडी करणाऱ्या एका मुलीला. तिचा सगळा प्रबंध त्यावर उभा आहे.

"अगं बाळ, म्हातारा झालाय तो डबा," तिचे सर म्हणाले. "ती शिस्त ताऱ्याची नाही, डब्याची खोड आहे. तेवढा भाग काढून टाक."

"मग डबा पाव फेरा फिरवून बघा ना! कल ताऱ्याचा असेल तर मोजणीत सरकेल. डब्याचा असेल तर जिथल्या तिथे राहील."

"तेवढ्यासाठी क्रेन मागवू? लोक हसतील."

"हसू देत. आणि मला बाळ म्हणू नका, सर."

वर्षानुवर्षं सर मला बघायला वर चढलेले नाहीत. उत्तर आवडलं नाही की उत्तर देणाऱ्यालाच घरी बसवायचं, ही मोठ्या माणसांची रीत. माझी खोड काढणाऱ्यांनी आधी स्वतःची बघावी.

आज क्रेन आली. मला काढायला! ती मुलगी धावत आली, हेल्मेट एका कानावर.

"सर, क्रेन आलीच आहे. फिरवा, एकच तारा बघू द्या, मग खुशाल काढा."

माझे बोल्ट सोडवणाऱ्या मेकॅनिकचा पाना थांबला. त्याने सरांकडे पाहिलं. सरांनी घड्याळाकडे.

"क्रेन दुपारपर्यंतच आहे, बाळ."

"मॅडम, माझ्या हातात असतं तर..." असं पुटपुटत मेकॅनिकने माझ्या वायरी उपटल्या.

आता मी अधांतरी आहे. वारा सुटलाय. पट्ट्याला पीळ बसला आणि मी हळूच फिरलो. आडवं दांडकं उभं झालं, उभं आडवं. बरोब्बर पाव फेरा. तिने मान वर केली. तिच्याही लक्षात आलंय. तारा अजून डोक्यावर आहे.

असाच वर न्या मला. अहो, असाच! बोल्ट नका आवळू, हाताने धरून ठेवा हवं तर. पण कोणीतरी वायरी जोडा.