धुरपदाबाईच्या नावावरचा फोन

सास्तूरच्या बाया अजून म्हणतात, राजेश्वरीएवढ्या मोठ्या मनाची बाई गावात न्हाय. म्हणू द्या. भूकंपानंतर नव्यानं वसलेल्या त्या सरळ गल्ल्यांमध्ये विधवा बायांना हळदीकुंकवाला पहिल्यांदा कुणी बोलावलं असेल तर ते तिनंच, यात खोटं काही नाही. पण का बोलावलं, ते तिघांनाच ठाऊक होतं. एक ती स्वतः, दुसरी तिची लेक आणि तिसरा मुरुमचा महांतप्पा.

महांतप्पा तिचा चुलतभाऊ. मुरुमच्या बाजारात त्याचं मोबाइलचं दुकान. जानेवारीत ऑनलाइन सेल लागला की त्याचं डोकं फिरायचं. गिऱ्हाईक त्याच्याच काउंटरला टेकून त्यालाच मोबाइलमध्ये दाखवायचं, "बघा सावकार, हाच फोन हितं अडीच हजारानं कमी हाय." त्याला घाऊक व्यापारीसुद्धा त्या भावानं माल देत नव्हता. मग त्यानं ठरवलं, आपणच सेलमधून माल उचलायचा आणि लगीनसराईत काढायचा. पण कंपनीवाले काय दूधखुळे आहेत होय? एका नावाला, एका नंबरला, एका घराला एकच फोन. आणि दुकानात विकायला न्यायचा म्हणाल तर एकही नाही.

"अक्का, मला नावं पायजेत," तो राजेश्वरीला म्हणाला. "तुझ्या बचत गटात बाया किती?"

"बावीस."

"बावीसनं काय हुतंय? चाळीस तरी कर. करिश्माला एक फोन फुकट देतो, बस्स?"

करिश्मा राजेश्वरीची लेक, बारावीला. फोनसाठी तिची सहा महिने भुणभुण चाललेली. राजेश्वरी कामाला लागली. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघर हळदीकुंकू चालतं, तेवढ्यातच सेलही असतो. आलेल्या बाईला वाण म्हणून स्टीलचा डबा द्यायचा, तो महांतप्पाच्या खर्चानं. आणि उंबऱ्यातच करिश्मानं विचारायचं, "काकू, गटाची नोंदणी हाय, तुमच्या फोनवर सहा आकडी नंबर आला असंल तो सांगा." तो ओटीपी सांगितला की त्या बाईच्या नावावर फोन मागवला जायचा, काम झालं.

सवाष्णी मोजल्या. गटाच्या, गल्लीच्या, शेजारच्या गल्लीच्या. एकोणतीस भरल्या. अजून अकरा हव्या होत्या. राजेश्वरी यादी घेऊन चुलीपुढं बसली आणि तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की अरे, कंपनी काय कुंकू बघून फोन देते का? विधवेलाही नाव असतं, नंबर असतो, घर असतं.

म्हणून ती धुरपदाबाईच्या दारात गेली.

धुरपदाबाईचा नवरा कोंडीराम जाऊन चौदा वर्षं झाली होती. चार शेळ्या आणि एक लेक एवढाच तिचा संसार. लेक दैवशाला जन्मापासून बहिरी, बोलणंही नाही. दोघी मायलेकी हातांनी बोलायच्या. ती भाषा कुठल्या शाळेत शिकवत नाहीत, ती त्यांनी घरातच बनवली होती. गावातल्या प्रत्येकाला एकेक खूण. सरपंचाची मिशी, पोस्टमनचं लंगडणं, शेजारणीचं ठसठशीत नाकातलं.

"मला? हळदीकुंकवाला?" धुरपदाबाई हातातला पाला तसाच धरून उभी राहिली. "चेष्टा करतीस व्हय गं पोरी?"

"चेष्टा कशाची मावशी? या. आणि फोन घेऊन या संगं."

ती आली. धुतलेलं लुगडं नेसून, लेकीला घेऊन, पण उंबऱ्याबाहेरच थांबली. आतल्या सगळ्या बायांचे डोळे तिच्यावर. राजेश्वरी स्वतः बाहेर आली, तिचा हात धरून तिला आत आणलं आणि कपाळाला हळदकुंकू लावलं. तेवढा एक क्षण, खरं सांगायचं तर, नंबर, फोन, महांतप्पा, सगळं विसरली होती ती. धुरपदाबाई पदरात तोंड घालून रडली. रडता रडताच तिनं करिश्मापुढं आपला बटणाचा फोन धरला आणि म्हणाली, "बघ बाई काय आलंय ते, मला कुठं वाचाया येतंय."

त्या दिवसापासून दैवशालाच्या हातांत राजेश्वरीची खूण ठरली. कपाळाच्या मधोमध बोट टेकवायचं. राजेश्वरी रस्त्यात दिसली की पोरगी लांबूनच बोट कपाळाला लावून हसायची.

खोकी आली. कुरिअरवाल्यानं सगळी राजेश्वरीच्या ओट्यावर उतरवली, महांतप्पा जीप घेऊन आला आणि घेऊन गेला. गटाचं सामान, असं बायांना सांगितलं. कुणी विचारलं नाही. जिनं विधवांना घरात घेतलं तिला काय विचारायचं?

फाल्गुनात दैवशालाचं लग्न झालं. जावईही तसाच, न बोलणारा, हैदराबादला छापखान्यात कामाला. गुणी पोरगा. मांडव उतरला, पोरगी गेली आणि धुरपदाबाईच्या घरात आवाज नव्हताच, आता हातही थांबले. बटणाच्या फोनवर बहिऱ्या लेकीशी काय बोलणार? जावयाचा मालक अधूनमधून फोन करून सांगायचा, "पोरगी बरी आहे." ते ऐकून ती तशीच बसून राहायची. बरी आहे म्हणजे काय? जेवती का? सासू कशी हाय? त्या माणसाला काय कळणार?

चैत्रात तिनं एक शेळी विकली आणि नऊ हजार घेऊन राजेश्वरीकडं आली. "तोंड दिसतंय तसला फोन मागवून दे बाई. लेकीशी बोलीन म्हणते."

करिश्मानं ऑर्डर टाकली. तासाभरात रद्द. परत टाकली, परत रद्द. खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं, या खात्यावरून फेरविक्रीसाठी खरेदी झाल्याचं आढळलं, म्हणून खातं बंद. करिश्मानं आईचं नाव घातलं. तेच. गटातल्या दुसऱ्या बाईचं घातलं. तेच. कंपनीनं चाळीसही नावं बाद केली होती, वर गावाचा पत्ताही घेत नव्हती.

"काय झालं?" धुरपदाबाईनं विचारलं.

"मशीन बिघडलंय मावशी," राजेश्वरी म्हणाली. "आपण मुरुमला जाऊ. माझ्या भावाचंच दुकान हाय."

महांतप्पानं चहा मागवला, खुर्च्या पुसल्या. भाव सांगितला साडेअकरा हजार. राजेश्वरी त्याच्याकडं बघतच राहिली.

"अप्पा, अरे मावशी हायत आपल्या. घेतल्या भावानं दे."

"अक्का, धंदा हाय. तीन महिने पैसा अडकलाय माझा." मग त्याला काहीतरी सुचलं, चेहरा खुलला. मागच्या खोक्यांत हात घालून चाळत चाळत एक खोकं त्यानं वर काढलं. "हे घ्या. आजीच्याच नावाचं बिल हाय ह्याच्यावर. वॉरंटीला कटकट न्हाय. लई जपून ठिवलोय बघा!"

उपकार केल्यासारखा हसत होता मेला. आणि वाईट म्हणजे, त्याला खरंच वाटत होतं आपण उपकार केला.

दुसऱ्या दिवशी धुरपदाबाईनं शेळीमागचं पिल्लूही विकलं आणि फोन घरी आला. दुकानात राजेश्वरीला वाटलं होतं, वरचे अडीच हजार आपण घालावेत. पिशवीत होते तिच्याजवळ. पण घातले असते तर का घातले ते सांगावं लागलं असतं, म्हणून तिनं पिशवीची चेन ओढली नाही.

घरी आल्यावर खोक्यावरचा कागद धुरपदाबाईनं पुढं केला. "काय लिवलंय गं?"

"तुमचं नाव हाय मावशी. धुरपदाबाई कोंडीराम, सास्तूर."

"आन किंमत?"

"तीच की. साडेअकरा हजार."

धुरपदाबाईनं कागद परत घेतला. दारातल्या उजेडाला धरला. बराच वेळ धरला.

"राजेश्वरी," ती म्हणाली, "अक्षर येत न्हाय मला. आकडा येतो. जल्मभर शेळ्या इकल्या म्या, आकडा न येऊन कसं चालंल?" तिनं काळवंडलेलं बोट कागदावर ठेवलं. "हितं आठ हाय आन म्होरं तीन नऊ. आन ही वरली तारीख सक्रांतीच्या म्हयन्यातली हाय."

करिश्मा फोन चालू करून जावयाच्या नंबरावर निरोप टाकत होती, ती थांबली.

"त्या दिशी नंबर घेतला तो ह्याच्यापायी?"

राजेश्वरीनं कागदाला हात घातला, पण धुरपदाबाईनं तो सोडला नाही.

"व्हय का न्हाय, तेवढं सांग. फोनचं म्या इचारत न्हाय. गेलं पिल्लू तर गेलं." म्हातारीचा आवाज चढलाही नाही. "मला आत घेतलंस, कुकू लावलंस. चौदा वर्सांनी. म्या देवापुढं तुजं नाव घेत हुते गं रोज. ते बी ह्याच्यापायीच?"

"मावशी, कुंकू लावताना माझ्या मनात..." राजेश्वरी बोलायला गेली. ते खरं होतं. त्या क्षणी खरंच काही नव्हतं तिच्या मनात. पण आता ते खरं सांगायला तिच्याजवळ तोंड उरलं नव्हतं, आणि ऐकणारीनं का म्हणून ऐकावं?

तेवढ्यात फोन वाजला. करिश्मानं घाईघाईनं बटण दाबून तो धुरपदाबाईच्या हातात दिला. पडद्यावर दैवशाला! पोरीनं आईला बघितलं आणि दोन्ही हात तोंडावर घेतले. मग हात सुटले ते थांबेनातच. धुरपदाबाईनं फोन उतरंडीला टेकवला आणि तिचेही हात चालू झाले. जेवलीस का, वाळलीस गं, सासू कशी हाय. दोन महिन्यांचं तुंबलेलं सगळं.

मग दैवशालाला मागं बसलेली राजेश्वरी दिसली. तिचा चेहरा उजळला. तिनं बोट उचललं आणि कपाळाच्या मधोमध टेकवलं.

धुरपदाबाईनं मान हलवली. नाही.

पोरगी गोंधळली. परत बोट कपाळाला लावून मागं दाखवलं, ती, ती बसली आहे की तिथं. धुरपदाबाईनं परत मान हलवली. डावा तळहात समोर धरला, फोन धरतात तसा, आणि त्यावर उजव्या हाताच्या बोटानं ठोके दिले. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. मग तेच बोट मागं वळवून राजेश्वरीकडं केलं.

दैवशालाला काही कळलं नाही. पण ती आईची पोर, आईनं दिलेली खूण घ्यायची एवढं तिला ठाऊक. तिनं आपला तळहात पसरला आणि त्यावर सावकाश सहा ठोके देऊन बघितले, बरोबर आहे का असं विचारत.

"बराबर," धुरपदाबाई मोठ्यानं म्हणाली, आणि पुढचं बोलू लागली.