चार अंगठ्या की सहा

खापरच्या बाजारपेठेत सुमेरमल शेठजींचं सराफी दुकान आहे आणि दुकानाच्या मागे, वर, बाजूला त्यांचंच घर. घरात मारवाडी आणि दुकानात अहिराणी अशी वाटणी त्यांच्या वडिलांच्या काळी होती म्हणतात. आता सगळीकडे अहिराणीच चालते. मारवाडी उरली आहे ती स्तवनांना आणि शिव्यांना.

त्या रविवारी घरात शिव्यांना मनाई होती, कारण खांडबाऱ्याचे पाहुणे जेवायला आले होते. शेठजींची नात प्रियल हिचं लग्न तिथल्या कापडवाल्यांच्या जिनेशशी ठरलं होतं. साखरपुड्याची तारीख पक्की करायला जिनेशची आजी लाडकंवरबाई जातीने आल्या होत्या. त्यांच्यामागून जिनेशला घेऊन त्याचे आईवडीलही आले होते, पण त्यांना कोणी काही विचारत नव्हतं आणि त्यांनाही त्याची सवय होती.

शेठजी खुशीत होते. सोयरिकीत त्यांनी एकच अट घातली होती, ती म्हणजे देणंघेणं नाही. मुलीकडून एक अंगठी, मुलाकडून एक अंगठी, बस. लेक रंजनाच्या, म्हणजे प्रियलच्या आत्याच्या, लग्नात त्यांनी मागितलं ते सगळं दिलं होतं, आणि दिल्यावर पुन्हा मागणं आलं होतं. आजही लेकीच्या घरी जायचं म्हटलं की ते आधी पाकीट चाचपत. प्रियलच्या बाबतीत हे होऊ द्यायचं नाही, मग कोणी कितीही मोठा का असेना. लाडकंवरबाईंनी अट ऐकून "आमले काय कमी शे?" म्हणत नाक उडवलं होतं, आणि शेठजींना ते फार आवडलं होतं.

बाटी, वरण, गट्ट्याची भाजी आणि वर वाटी-वाटी आमरस झाल्यावर मंडळी बैठकीत लोडांना टेकली. शेठजी हात धुवायला मागच्या अंगणात गेले. तिथे जिन्याखाली जिनेश मोबाइल कानाला लावून उभा होता. त्याची पाठ इकडे होती आणि आवाज चढलेला होता.

"चार? चार अंगठ्या म्हंजे काय नही! सहा म्हंजे सहा."

शेठजींच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

"अकरा?" जिनेश हसला. "ती जुना जमानानी गोठ शे. तवय कॉम्पिटिशनच कोठे व्हती? नही, नही. सहामाईन मी एकबी कमी करनार नही."

अकरा! शेठजींना घाम फुटला. हा आकडा काढला तरी कोणी? पलीकडे नक्कीच खांडबाऱ्याचा कुणी मामा असणार. लग्नात असले आकडे मामाच काढतात.

शहाणा माणूस दोन मिनिटं थांबला असता, पोराला विचारलं असतं. शेठजी जन्मभर गिऱ्हाइकाला सांगत आले होते की सोनं कसोटीवर घासून घे, मग बोल. पण स्वतःवर वेळ आली तेव्हा कसोटी राहिली दुकानात आणि ते ओल्या हातांनीच तरातरा बैठकीत आले.

"ब्याणजी," ते विहीणबाईंना म्हणाले, "साखरपुडा व्हनार नही. सोयरीक मोडी."

लाडकंवरबाई बडीशेप चघळत होत्या, त्या थांबल्या. "काय व्हयनं, ब्याईजी? रस जास्ती व्हई गया का?"

"तुमना नातू अंगठ्या मांगी ऱ्हायना. चार नही, सहा! अकरा लगून गया तो. मी सोता ऐकं."

लाडकंवरबाईंचा चेहरा लालबुंद झाला. "जिन्या! आठे ये!"

जिनेश धावत आला.

"कोनापाईन सहा अंगठ्या मांगी ऱ्हायना तू?"

"मांगी नही ऱ्हायनू, आजी. त्या जॉर्डनन्या शेतस."

"कोन जॉर्डन? नवापूरना का?"

"अमेरिकाना! बास्केटबॉल खेळे तो. तठे जी टीम जिंकस, तिना खेळाडूसले अंगठी देतस. जॉर्डनन्या सहा, लेब्रॉनन्या चार. मी म्हनस जॉर्डन एक नंबर. ती म्हनस लेब्रॉन."

"ती कोन?" शेठजींनी विचारलं.

जिनेशने मागच्या दारातून वर बोट दाखवलं. जिन्याच्या वरच्या पायरीवर प्रियल उभी होती आणि तिच्याही हातात मोबाइल होता. साखरपुड्याआधी दोघांनी एकत्र बसून बोलायचं नाही असं घरचं फर्मान होतं, म्हणून एक अंगणात आणि एक गच्चीवर असा वाद चालू होता. प्रियल नंदुरबारला कॉलेजच्या टीममध्ये खेळलेली. तिच्याशी या विषयावर वाद घालायला खापरमध्ये कोणीच नव्हतं.

"आनि अकरा?" शेठजींचा आवाज आता बराच खाली आला होता.

"ते मी म्हनं," प्रियल वरूनच म्हणाली. "अंगठ्याच मोजन्या तं मंग बिल रसेल सर्वासमा मोठा. त्यान्या अकरा शेतस!"

आधी जिनेशचे वडील खुदकन हसले आणि सगळ्यांचाच बांध फुटला. शेठजी कपाळाला हात लावून गादीवर बसले. खरं तर तिथेच सगळं मिटायचं, पण दुकानदारांच्या बैठकीत कोण मोठा हा प्रश्न एकदा पडला की त्याचा भाव ठरल्याशिवाय कोणी उठत नाही.

"हाऊ चारवाला किती वरीस खेळना?" लाडकंवरबाईंनी विचारलं.

"वीसथीन जास्ती," प्रियल म्हणाली.

"आनि सहावाला?"

"पंधरा," जिनेश जरा दबकतच म्हणाला. "मधमा दोनदा सोडी गयता."

"मंग चारवालाच मोठा. दोनदा शटर पाडी जास, तो कसाना मोठा?"

"पन तो सहादा फायनलमा गया आनि सहादा जिंकना," जिनेशचे वडील एकदम बोलले. "दुसरा दहादा गया, चारदा जिंकना." सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. हे कधीपासून मॅच बघतात, हे त्यांच्या बायकोलाही माहीत नव्हतं.

"अंगठ्या मोजतस नही, तोलतस," शेठजींनी धंद्यातलं ज्ञान पुढे केलं. आपली चूक झाकायला माणूस ज्ञान काढतोच.

एवढ्यात प्रियल जिना उतरून खाली आली. ती हसत नव्हती.

"दादाजी, तुम्ही सोयरीक मोडी?"

"मोडी व्हती, बेटा. आते तं..."

"माले न इचारता?"

शेठजी लोडाची खोळ नीट करायला लागले.

"जुडी तवयबी माले इचारं नही. मोडी तवयबी नही."

खोटं नव्हतं. पत्रिका पाहिली होती, घराणं पाहिलं होतं, जिनेशला दोनदा विचारलं होतं. प्रियलच्या हातावर फक्त पेढा ठेवला होता. शेठजींना फार लाज वाटली. रंजनाचा त्रास हिला होऊ नये म्हणून त्यांनी एवढा आटापिटा केला, पण विचारलं रंजनालाही नव्हतं आणि हिलाही नाही.

"मंग आते इचारस," ते सगळ्यांसमोर म्हणाले. "तुले हाऊ पोऱ्या पाह्यजे का? नही म्हनशी तं मी आत्ते हात जोडसू."

प्रियल जिनेशकडे बघत राहिली. खांडबाऱ्याचे पाहुणे लोड सोडून पुढे सरकले. लाडकंवरबाईंनी नातवाच्या बरगडीत कोपर मारलं आणि कुजबुजल्या, पण त्यांची कुजबुज रस्त्यापर्यंत जाते. "म्हनी टाक ना, चारवाला मोठा! तुन्हं काय जास?"

"म्हन रे," त्याची आईही म्हणाली.

जिनेशच्या कपाळावर घाम आला. त्याला प्रियल हवी होती, मनापासून हवी होती, हे बैठकीतल्या आंधळ्यालाही दिसलं असतं. एक नाव बदलायचं होतं, तेही सातासमुद्रापलीकडच्या माणसाचं. त्याने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"कसं म्हनू, आजी? जॉर्डनच शे."

लाडकंवरबाईंनी डोळे मिटून घेतले.

"दादाजी," प्रियल म्हणाली, "याना आगोदर तीन पोरे माले पाहाले उनात. मी म्हनं लेब्रॉन, त्या म्हनेत लेब्रॉन. मी दुसरं कोनं नाव लिधं असतं, तं त्या तेबी म्हनतात. चहा सरी जास तवलगून मी म्हनसू ते खरं." "हाऊ चुकस. भलता चुकस. पन मन्ही मर्जी ऱ्हावासाठे खोटं बोलस नही. माले हाऊच पाह्यजे."

शेठजींचे डोळे पाणावले आणि त्यांनी ते लपवले नाहीत. ते उठले आणि लाडकंवरबाईंपुढे हात जोडले.

"ब्याणजी, चूक मन्ही. आते तारीख मी नही सांगनार. तिले इचारा."

लाडकंवरबाईंनी खांडबाऱ्यात चार सुना आणल्या होत्या. एकीलाही त्यांनी कधी काही विचारलं नव्हतं. त्यांनी पदर सावरला, घसा खाकरला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच जरा अडखळत म्हणाल्या, "कोनती तारीख पाह्यजे, बेटा?"