ठकूबाईचं पित्त

"पाय खाली सोडा आधी. जमीन काय चावती का?" परवीन म्हणाली.

हैबतराव उशी छातीशी कवटाळून खाटेवर बसले होते. बायपासनंतर खोकताना टाक्यांवर ताण येऊ नये म्हणून ती उशी दिली होती. पण म्हाताऱ्याने तिच्याशी असा घरोबा केला होता की जेवतानाही ती त्यांच्या हातून सुटत नसे.

"आन टाकं उसवलं तर?"

"बाबा, माणसाची छाती हाय, पोतं न्हाई. हाड जुळत आलंय."

परवीन मूळची पौडची. पिरंगुटच्या एका इस्पितळात हृदयरोग्यांच्या वॉर्डात ती नर्स होती. हैबतरावांचा मुलगा कैलास सूसला राहायचा. त्याने गळ घातली म्हणून कामावर जाण्याआधी ती स्कूटरने रिह्याला त्यांच्या घरी येऊन म्हाताऱ्याला तपासून जाई. जखम सुकली होती, रक्तदाब जागेवर होता. धसका तेवढा गेला नव्हता. ऑपरेशनच्या आधी गुडघाभर चिखलात भात लावणारा हा माणूस आता पाण्याच्या तांब्यासाठीही बायकोला हाक मारी. आणि ठकूबाई हातातलं काम टाकून येई.

"कशाला तरास देतीस त्यास्नी?" ठकूबाई चहा घेऊन आली. "मी हाय की समदं करायला."

"तितंच तर चुकतंय, मावशी."

कप देताना तो बशीत थडथडला. ठकूबाई उंबऱ्यापाशी भिंतीला टेकून बसली. पदराने तोंड पुसलं. परत पुसलं. सकाळ थंडीची होती. परवीनच्या अंगात स्वेटर होता.

"मावशी, घाम कसला आलाय?"

"काय न्हाई गं. पित्त झालंय. कालधरनं मळमळतंय."

"आनि?"

"दाढ दुखतीया. लवंग धरलीया." तिने जबड्यावर हात ठेवला, मग तोच हात छातीवर आला. "हितं जरा जड वाटतंय. जाग्रणानं आसंल."

परवीनने कप खाली ठेवला आणि तिचं मनगट धरलं. नाडी अडखळत होती. इतके दिवस ती याच हातचा चहा पीत होती. बाबांच्या भाजीत मीठ किती, बाबांना झोप किती, सगळं विचारून झालं होतं. मावशी, तुमचं कसं काय, एवढं मात्र एकदाही तोंडातून निघालं नव्हतं. आता त्याचा विचार करायला सवड नव्हती.

तिने वॉर्डातल्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी सांगितलेली गोळी हैबतरावांच्या डब्यातच होती. ती ठकूबाईला चावून खायला लावली. अँब्युलन्स लवासाच्या बाजूला गेलेली, यायला बराच वेळ लागणार होता.

"बहिरूची पिकअप हाय," हैबतराव खाटेवरून म्हणाले. "खाचरापल्याड."

बहिरू फोन उचलेना. परवीनला ठकूबाईला सोडून उठता येईना. तिची मान खांद्यावर कलली होती आणि ओठ पांढरे पडत चालले होते.

"मी जातो."

परवीनने वळून पाहिलं. हैबतराव उभे होते. उशी खाटेवरच राहिली होती.

"बाबा, तुमी..."

"तू तिला बघ."

"पळू नका! दम लागला तर थांबा!"

पण ते दाराबाहेर पडलेही होते. उघड्या दारातून ते तिला बांधावरून जाताना दिसत होते. एक हात छातीवर, पाऊल बेताचं, पण थांबणं नाही. एक पेशंट हातात आणि एक बांधावर. ते आंब्याआड गेले आणि परवीन नाडीवर बोटं ठेवून नुसती ऐकत राहिली. वॉर्डात कधी तिला अशी भीती वाटली नव्हती. अखेर पिकअपचा हॉर्न वाजला. बहिरूच्या शेजारी हैबतराव बसले होते, घामाने डबडबलेले, पण ताठ.

परवीनच्या इस्पितळात ठकूबाईला ताबडतोब आत घेतलं. बाकावर परवीनने आधी हैबतरावांचा रक्तदाब बघितला. तो ठीक होता. तरी त्यांची नजर आतल्या दारावरून हलत नव्हती. डॉक्टर बाहेर आले. बंद पडलेली रक्तवाहिनी उघडली होती, आणायला आणखी उशीर झाला असता तर अवघड होतं.

"म्हंजी वाचली न्हवं?" हैबतरावांनी परवीनला विचारलं.

"वाचली, बाबा."

त्यांनी बराच वेळ मान डोलावली. मग म्हणाले, "लई भूक लागलीया गं."

परवीन हसली, आणि हसता हसताच तिला तोंड धुवायला जावं लागलं.

दोन दिवसांनी ती पाळीवर आली तेव्हा ठकूबाईला वॉर्डात हलवलं होतं. रक्तवाहिनी उघडायची नळी मनगटातून घातल्यामुळे तिच्या उजव्या हाताला पट्टी होती. ती खाटेवर पाठमोरी बसली होती. मागे स्टुलावर बसून हैबतराव तिच्या पांढऱ्या केसांचे तीन पेड सारखे करत होते. रिबीन त्यांच्या खांद्यावर होती.

"वढू नका हो. बैलाचं दावं वळताय का?"

"हलू नगं."

"एवढ्या वर्सांत कदी घातली व्हती का वेनी?"

"तू कदी म्हनलीस?"

ठकूबाईने मान थोडी मागे केली, त्यांना सोयीचं व्हावं म्हणून.

भेटीची वेळ संपली होती. वॉचमन एकेका खाटेपाशी थांबून नातेवाइकांना बाहेर काढत होता. परवीनने पडदा पुरता ओढून घेतला आणि त्याच्या वाटेत उभी राहिली.

"हितं नंतर या," ती म्हणाली. "पेशंटचं ड्रेसिंग चाललंय."