बाशी, आणि पुढे मोकळी जागा

"सर्व्हरला भूत लागलंय," नावांची यादी सांभाळणाऱ्या बाना चोला म्हणाल्या. "दिवसभर लुसाकाशी गप्पा मारतो."

झांबियातल्या म्पिकाच्या कचेरीत फोनची लाइन एकच. ईमेलच्या सर्व्हरवरची नावांची यादी रोज संध्याकाळी सहाला त्याच लाइनवरून लुसाकाच्या मुख्य कचेरीतल्या सर्व्हरशी जुळायची. हल्ली ती केव्हाही जुळत होती आणि लाइन अडून बसत होती. म्हणून दुरुस्तीला मला लुसाकाहून बसमध्ये कोंबून पाठवलेलं.

गोदामाचे सिंकाला फोनसमोर बसून होते. लग्नाला बरीच वर्षं झालेली, आज पहिलं बाळंतपण. बायको कासामाच्या इस्पितळात, आणि तिथून फोन लागायला लाइन मोकळी नाही.

मी मोडेम बदलला, तारा झटकल्या, घड्याळ जुळवलं. यंत्रानं शिट्टी मारून पुन्हा नंबर फिरवला. शेवटी नोंदी उघडल्या. दर वेळी एकच बदल : म्पिकाच्या साहेबांच्या 'मिस्टर लुपिया'चं 'बाशी म्वाबा', की लगेच परत 'मिस्टर लुपिया'.

"हे कोण करतं?"

"मी," बाना चोला ताठ बसल्या. "चोलाची आई ती बाना चोला, म्वाबाचा बाप तो बाशी म्वाबा. लेकरं असलेल्या माणसाला नुसतं मिस्टर? मी नीट करते, लुसाकाची ती टायपिस्ट पुन्हा बिघडवते."

"मग सहापर्यंत थांबायचं ना."

"तोवर साहेबांचा अपमान तसाच ठेवू? 'आत्ता पाठवा' हे बटण तुम्हीच दिलंय. मी दाबते."

"आणि तिकडून ती दाबते."

"निर्लज्जच आहे. साहेब काय निपुत्रिक आहेत, मिस्टर म्हणायला?"

बोलून गेल्यावर त्यांचं लक्ष सिंकालांकडे गेलं.

"मिस्टर असून मी अजून जिवंत आहे, बाना चोला," सिंकाला म्हणाले. "फक्त लाइन सोडा."

बाना चोलांनी कळफलकावरचे हात मांडीवर घेतले. मी दोन्हीकडचं ते बटण बंद केलं. यंत्र गप्प झालं आणि थोड्या वेळानं फोन वाजला.

सिंकालांनी तो उचलला. "मुलगी," ते म्हणाले. "दोघी बऱ्या आहेत."

बाना चोला केव्हाच सिंकालांची नोंद उघडून बसल्या होत्या. "नाव सांगा."

"नाळ पडल्यावर आजी ठेवील."

बाना चोलांनी 'मिस्टर सिंकाला' पुसलं, 'बाशी' लिहिलं आणि पुढे जागा सोडली. पाचाला कचेरी सुटली, पण सहा वाजून यंत्रानं शिट्टी मारेपर्यंत कुणी उठलं नाही.

दुसऱ्या दिवशी लुसाकात मी यादी उघडली. 'बाशी', आणि पुढे मोकळी जागा. टायपिस्टनं हात लावला नव्हता.