तीन अंश कमी

मी एक जुना लाकडी कोनमापक आहे. जानेफळजवळच्या एका शाळेत, फळ्याशेजारच्या खिळ्यावर माझी बरीच वर्षे गेली. उकंडराव नावाच्या सुताराने मला सागाच्या फळीतून अर्धवर्तुळात कापले आणि एकेक अंश तापलेल्या तारेने कोरला. भागवत सर मला हातात घेत, तेव्हा वर्ग गप्प होई. मी सांगेन तो कोन खरा, असे सगळेच मानत. मलाही त्याचा अभिमान होता.

एकदा मी खिळ्यावरून पडलो आणि माझ्या खालच्या कडेचा कोपरा तुटला. सरांनी कानस मारून ती कड घाईघाईत सरळ केली. दिसायला मी पूर्वीसारखाच होतो. पण मित्रांनो, कड किंचित तिरकी झाली होती. तेव्हापासून मी प्रत्येक कोन तीन अंश कमी दाखवू लागलो.

मेहकरच्या गणित स्पर्धेसाठी नववीतून एकच नाव जाणार होते. सरांनी फळ्यावर दोरीने मोठा त्रिकोण काढला. बाजू चाळीस, पन्नास आणि साठ सेंटीमीटर. शेजारी लहान त्रिकोण होता, चार, पाच आणि सहा सेंटीमीटरचा. त्याच्या सर्वांत मोठ्या बाजूसमोरचा कोन त्र्याऐंशी अंश दिला होता. मोठ्या त्रिकोणातला तोच कोन शोधायचा होता.

संजीवनी उभी राहिली. तिचे वडील बसस्टँडवर भाजी विकत. ती म्हणाली, "त्र्याऐंशी, सर. तिन्ही बाजू दहापट झाल्या, म्हणजे त्रिकोण समरूप हायेत. मंग कोन कसा बदलंन?"

सरांनी खात्री करायला मला फळ्यावर ठेवले. मी ऐंशी दाखवले.

"ऐंशी भरते," सर म्हणाले.

"पण सर, बाजू तर प्रमाणात हायेत ना?"

"मंग कोनमापक खोटं सांगते का वं? बस खाली."

वर्ग हसला. संजीवनी बसली. स्पर्धेला वर्गातल्या हर्षलचे नाव गेले. मला ओरडून सांगावेसे वाटले, की खोटा मीच आहे. पण लाकडाला कुठला आवाज?

त्यानंतर तिने गणिताच्या तासाला हात वर केला नाही. उन्हाळ्यात तिचे कुटुंब मोताळ्याला राहायला गेले.

पुढच्या वर्षी सरांनी माझ्याकडून एका त्रिकोणाचे तिन्ही कोन मोजले. बेरीज एकशे एकाहत्तर आली. त्यांनी माझी कड निरखून पाहिली. मग वर्गाला म्हणाले, "संजीवनीचं बरोबर होतं. मीच चुकलो." पण ते ऐकायला ती कुठे होती? त्यांनी त्याच दिवशी मोताळ्याला फोन लावला. ती रागावली नाही. तिने एवढेच विचारले, "सर, तवाच त्या लहान त्रिकोणाचा कोन मोजून काऊन नाही पाह्यला?"

फोन ठेवून सरांनी मला खिळ्यावरून काढले.

आता मी कपाटामागे पडून असतो, आणि ते योग्यच आहे. मित्रांनो, माझ्यासारखे साधन हाती घेताना त्याची कड आधी तपासा. आणि एखादी मुलगी कारण देऊन उत्तर सांगत असेल, तर मला बाजूला ठेवा आणि तिचे पूर्ण ऐका.