लपवलेलं दुखणं

भाड्याच्या खोलीसाठी ज्यानं परक्या गावात दारोदार पायपीट केली आहे, त्याला अर्जुनरावांची अवस्था वेगळी समजावून सांगायला नको.

पंचावन्न साली ते कोरेगावकडून पिंपरीला आले आणि औषधाच्या नव्या कारखान्यात फिटर म्हणून लागले. नोकरी आठ दिवसांत मिळाली, खोली मिळायला मात्र पाच महिने गेले. तोवर बायको शालन आणि पाच वर्षांची रंभा यांना घेऊन ते पिंपळे गुरवला एका गोठ्यालगतच्या पडवीत दिवस काढत होते. जावं तिथं तेच प्रश्न. गाव कोणतं? जात कोणती? माणसं किती? पाहुणे फार येतात का? एका घरमालकिणीनं तर, पोर आजारी नाही ना म्हणून, रंभाच्या पापण्या उचलून डोळे तपासले!

शेवटी चिंचवडला, गावाबाहेर, सोपानरावांच्या खोल्यांत जागा मिळाली. सोपानराव जुने शेतकरी. कारखाने येणार अशी हवा सुटली, तेव्हाच त्यांनी मळ्याच्या कडेला आठ खोल्यांची ओळ उभी केली होती. मातीच्या भिंती, वर पत्रे आणि आठ बिऱ्हाडांना आणि मळ्यातल्या सोपानरावांच्या घराला मिळून एक विहीर. भिंती इतक्या पातळ, की एका घरात मिरचीची फोडणी पडली की शेजारची दोन घरं शिंकायची. तरी पहिल्या दिवशी उंबऱ्याला हळदकुंकू लावताना शालनचे डोळे भरून आले. छप्पर मिळालं होतं. आता ते जपायचं होतं.

कडेच्या खोलीत रंगराव राहायचे. बीडकडचे गवंडी; घरात बायको यशोदाबाई आणि दोन लेकरं. त्या उन्हाळ्यात त्यांना खोकला लागला, तो हटेना. एके दिवशी विहिरीवर कुणीतरी त्यांच्या फडक्यावर रक्त पाहिलं आणि संध्याकाळपर्यंत आठही खोल्यांत एकच शब्द फिरला. क्षय!

दुसऱ्या दिवशी सगळे अंगणात जमले. सोपानरावांना बोलावणं गेलं. अर्जुनराव सातवी शिकलेले, बोलायला धीट. लोकांनी त्यांनाच पुढं केलं.

रंगराव हात जोडून उभे होते. "दवाखान्यात सुया चालू हायत मला," ते म्हणाले. "डागदर म्हनले, भाईर झोपत जा, डब्यात थुंका, थुंकी जाळून टाका, कुनाला काय होत नाही. चार महिने काढू द्या. पाया पडतो."

"रंगराव, तुमचं दुखणं आम्हाला कळतं," अर्जुनराव म्हणाले. "पण सगळ्यांना पोरंबाळं आहेत. उद्या माझ्या रंभाला काही झालं तर?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. अर्जुनराव खोटं बोलत नव्हते. भीती खरी होती. पण दवाखाना अर्ध्या कोसावर असताना, चला, डॉक्टरलाच विचारून येऊ, एवढं तेव्हा एकालाही सुचलं नाही.

सोपानरावांनी निकाल दिला. "आठ दिसांत खोली खाली करा. आन् समद्यांनी ऐकून ठेवा. माज्या खोल्यांत दुखनेकरी मानूस चालायचा न्हाई. कळलं की सामान भायेर!"

भर आषाढात रंगरावांची गाडी निघाली. पवनेपलीकडं थेरगावात कुणाच्या तरी शेतात झोपडी बांधायची परवानगी त्यांना मिळाली होती. सामान चढवायला चिमाजी तेवढा पुढं झाला. चिमाजी अर्जुनरावांच्या भिंतीपलीकडचा शेजारी. चाकणच्या बाजूचा, कारखान्याच्या बांधकामावर हमाली करायचा. गाडी वळणाआड गेली तसा तो विहिरीवर गेला आणि सगळे पाहताहेत हे ओळखून त्यानं तीन तीनदा हात धुतले. अर्जुनराव घरात आले. त्यांना हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची थोडी लाजही वाटली. पण लाज काय, चार दिवसांत विरून जाते.

वर्ष सरलं. सत्तावन्न सालचा वैशाख उजाडला. विहिरीचं पाणी तळाला गेलं होतं. चिमाजी आणि त्याची बायको सोजरा एका लग्नाला गावाकडं जाऊन आले. आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून सोजरा दिसेनाशी झाली.

"माहेरी राहिलीया ती," चिमाजी विचारणाऱ्याला सांगायचा. कामावर जाताना तो दाराला कुलूप लावून जायचा.

शालन एका पहाटे अर्जुनरावांना म्हणाली, "अहो, हा चिमाजी अंधारात विहिरीवर धुणं धुतोय. दोन दिवस झाले. आणि काल दुपारी भिंतीपलीकडनं कुणी कण्हल्यासारखं वाटलं मला."

"आपल्याला काय करायचंय?" अर्जुनराव म्हणाले. "नसती चौकशी करून कशाला कुणाचं वाईट घ्यायचं?"

हा परक्याच्या आजाराचा त्यांनी लावलेला दुसरा हिशेब. पहिल्यांदा नको तितकं बोलले, आणि आता बोलायचं तिथं गप्प बसले.

तिसऱ्या दिवशी सकाळी रंभाला उलटी झाली. मग जुलाब सुरू झाले. भाताच्या पेजेसारखं पाणी नुसतं. दोन तासांत पोरीचे डोळे खोल गेले, आवाज बसला, बोटांची कातडी भिजत पडल्यासारखी सुरकुतली. "आई, पाणी," एवढंच ती म्हणत होती. आणि शालन तिला त्याच विहिरीचं पाणी पाजत होती!

अर्जुनराव दवाखान्याकडं धावत सुटले. दवाखान्यातल्या नर्स रुक्मिणीबाई ऐकल्याबरोबर उठल्या. तोवर आणखी दोन घरांत तेच सुरू झालं होतं. रुक्मिणीबाईंनी रंभाला पाहिलं आणि त्यांचा चेहरा बदलला. "पटकी आहे, कॉलरा. पुण्याला न्यायला हवं. आत्ताच्या आत्ता!"

सडकेवर एक मालट्रक थांबवला. रुक्मिणीबाईंनी ड्रायव्हरला गयावया करून तिघा रोग्यांना मागं झोपवलं. शालन रंभाचं डोकं मांडीवर घेऊन बसली. खडकीचा पूल यायच्या आधीच तिच्या मांडीवरचं डोकं जड झालं. शेजारी झोपवलेले दोघे तरी वेळेवर पोचावेत म्हणून तिनं ट्रक थांबवायला सांगितलं नाही. पुढं बाकीचे दोघे वाचले.

दुसऱ्या दिवशी, रंभाला पवनेकाठी पुरून आलेले अर्जुनराव अंगणात बसले होते. विहिरीत लाल औषध टाकून झालं होतं. रुक्मिणीबाई प्रत्येक दारात जाऊन विचारत होत्या, "पहिला आजारी कोण पडला? उलट्या कुणाला झाल्या? खरं सांगा."

कुणी सांगेना. मग शालन उठली आणि चिमाजीच्या बंद दारापुढं जाऊन उभी राहिली. तिनं फक्त बोट दाखवलं.

कुलूप फोडलं. आत उकाड्यात, ओल्या गोधडीवर सोजरा पडली होती. ओठ फाटलेले, डोळे अर्धे मिटलेले, पण जीव होता. तिच्या उशाशी पाण्याचा तांब्या होता आणि तोंडात पदराचा बोळा. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून तिनं तो स्वतःच कोंबून घेतला होता!

तेवढ्यात चिमाजी कामावरून आला. अर्जुनराव वाघासारखे त्याच्यावर धावले. गळा धरला, भिंतीवर आपटलं.

"माझी पोर खाल्लीस तू! त्या विहिरीत हगवणीचं धुणं धुतलंस? एक शब्द सांगता आला नाही तुला?"

चिमाजीनं हात उचलला नाही. "मारा, भाऊ," तो म्हणाला. "मी मेलो तरी फिटायचं न्हाई. पर एक सांगा. मी सांगितलं असतं, तर तुमी काय केलं असतं?"

अर्जुनरावांचा हात तसाच राहिला.

"रंगरावानं खरं सांगितलं हुतं," चिमाजी म्हणाला. "हात जोडून सांगितलं हुतं. मीच त्याची ट्रंक गाडीत ठेवली. तवाच मनाशी गाठ मारली, की आपल्या घरात काय झालं तर मरायचं, पर बोलायचं न्हाई."

सोजराला पुण्याला पाठवायची तजवीज करून रुक्मिणीबाई अर्जुनरावांजवळ आल्या.

"बाई," ते म्हणाले, "माझी पोर गेली, आणि तुम्हीही दोष मलाच देणार?"

"दोष वाटायला मी आले नाही हो," त्या म्हणाल्या. "चिमाजी चुकला, फार भयंकर चुकला. पण मला सांगा, मी काय करू? पटकी पहिल्या दिवशी कळली, तर विहिरीत औषध पडतं, पाणी उकळायला सांगता येतं, सगळ्यांना टोचता येतं. मला तीन दिवसांनी कळलं. का? तर तुमच्या ओळीत आजाऱ्याला शिक्षा आहे. रंगरावांना घालवलंत तेव्हा तुम्हाला वाटलं, रोग घालवला. रोग कुठं गेला? तो फक्त लपायला शिकला."

अर्जुनराव चार दिवस कामावर गेले नाहीत. पाचव्या दिवशी ते पवना ओलांडून थेरगावला गेले.

बाभळीखालच्या झोपडीत यशोदाबाई भाकरी थापत होत्या. कपाळ मोकळं होतं. अर्जुनराव समजायचं ते समजले.

"कधी?" त्यांनी विचारलं.

"दिवाळीनंतर," यशोदाबाई म्हणाल्या. "पावसाळ्यात नदीला पानी हुतं. दोन महिने सुया चुकल्या. मग काय ऱ्हातंय?"

"वहिनी, मी..."

"तुमची लेक गेली म्हनं. कानावर आलं." त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली. "शालनबाईला सांगा, मला लई वाईट वाटलं. तुमाला काय सांगू? माफी मागायला आला असाल तर ती देनारा मानूस गेला."

अर्जुनराव तसेच परतले. त्या बाईनं त्यांना बसा म्हटलं नाही, आणि त्यांनाही ते रास्त वाटलं.

त्याच संध्याकाळी सोपानराव अंगणात आले. "चिमाजीची खोली उद्या खाली," त्यांनी सांगितलं. लोक तयारच होते. कुणी म्हणालं, त्याला पोलिसात द्या. कुणी म्हणालं, भांडी आत्ताच फेका. मग सगळ्यांच्या नजरा अर्जुनरावांकडं वळल्या. ज्याची पोर गेली, त्याचा शब्द शेवटचा.

अर्जुनराव उठले.

"चिमाजी कुठंही जाणार नाही," ते म्हणाले.

"काय बोलतोस अर्जुना? शुद्धीवर हायेस का?"

"शुद्धीवर आत्ता आलोय, मालक. रंगरावांना ह्याच अंगणात मी घालवलं. ते मेले. थेरगावला जाऊन आज पाहून आलो. त्या दिवशी मी म्हणालो होतो, माझ्या रंभाला काही झालं तर? झालं ना! ज्याला घालवलं त्याच्यामुळं नाही झालं, माझ्या भीतीनं ज्याचं तोंड बंद केलं त्याच्यामुळं झालं. आता चिमाजीला काढा. पुढच्या वेळी ह्या ओळीतला कुठला माणूस आजार सांगेल? आणि मालक, तुमचा नातूही ह्याच विहिरीचं पाणी पितो."

सोपानरावांनी विहिरीकडं पाहिलं. मग खाली मान घालून म्हणाले, "ऱ्हाऊ द्या त्याला."

त्या दिवशी ठरलं. दुखणं आलं की आधी शेजाऱ्याला सांगायचं, शेजाऱ्यानं दवाखान्यात जायचं, आणि आजाऱ्याच्या घरी पाणी आणि भाकरी बाकीच्यांनी पोचवायची. सांगितल्याबद्दल कुणालाही खोली सोडावी लागणार नाही.

नियम झाला म्हणून मन लगेच वळत नसतं. सोजरा बरी होऊन परत आली, पण शालन तिच्याशी बोलली नाही. सोजराची घागर विहिरीवर दिसली की शालन आपली घागर रिकामीच घेऊन परतायची. सोजराही मान वर करायची नाही. असं दीड वर्ष गेलं.

मग एका सकाळी शालनच्या दारात रत्नागिरीकडची नवी भाडेकरीण सुमन उभी राहिली. एका खांद्यावर तापलेली तीन वर्षांची पोर, दुसऱ्या हातात गाठोडं.

"वहिनी, दोन दिवस झाले, पोरीचा ताप उतरत नाही हो," ती म्हणाली. "इथं आधी सांगायचं असतं म्हणाले, म्हणून आले. आम्ही जातो, सामान बांधलंय. फक्त हे कामावरनं येईपर्यंत थांबू द्या."

शालन त्या गाठोड्याकडं पाहतच राहिली. ह्याआधी किती घरांतून निघाली असेल ही बाई, की पोरीला ताप आल्याबरोबर हात आपोआप गाठोड्याकडं वळावा! शालननं पोर आपल्या कडेवर घेतली. रंभा गेल्यापासून तिनं कुठलंच पोर कडेवर घेतलं नव्हतं. दुसऱ्या हातानं तिनं गाठोडं ओढून घेतलं आणि तिथंच, उंबऱ्यावर, त्याची गाठ सोडली.

"कुठं जाऊ नकोस," ती म्हणाली. आणि मग विहिरीच्या दिशेनं वळून, दीड वर्षात पहिल्यांदा तिनं हाक मारली, "सोजरा! पाणी उकळायला ठेव. मी रुक्मिणीबाईंना घेऊन येते."

बंधूंनो आणि भगिनींनो, आजाराला भिणं हा गुन्हा नव्हे. जीव सगळ्यांनाच प्यारा असतो. पण ज्या ओळीत दुखणं सांगायची सोय नाही, त्या ओळीतलं एकही घर सुरक्षित नाही. आजाऱ्याला दाराबाहेर काढून आपण रोग काढत नाही, फक्त त्याला अंधारात ढकलतो. आणि अंधारातून तो कुणाच्या पोराकडं जाईल हे कुणालाच सांगता येत नाही. तुमच्या भिंतीपलीकडं कुणी कण्हत असेल, तर आजच त्याचं दार वाजवा!