दर्याबाबाचा चंबू

माण तालुक्यातली आमची मेंढपाळांची वाडी बिरोबाच्या देवळापुढं जमून एका काचेच्या चंबूकडे तोंड वासून बघत होती. पोट मोठं, गळा करंगळीएवढा अरुंद, आत भंडारा कालवलेलं पाणी, खाली धुनीची राख. वाडीत नव्यानं आलेल्या दर्याबाबानं गड्यांची नावं भराभर घेतली, पाणी हललं नाही. हरणाबाईच्या नावाला मात्र त्यानं चिमट्यानं राख ढवळली, लांबलचक मंत्र म्हटला आणि पिवळं पाणी गळ्यातून वर चढू लागलं.

"हिनं कोकणात मेंढरं दर्यात धुतली," बाबा म्हणाला. "दर्या बाटला, कोपला, फुगला. म्हणून अवकाळी आला, म्हणून तुमची कोकरं मेली."

मला शिसारी आली. खिशात स्मार्टफोन बाळगणारी माणसं माना डोलवत होती. सकाळीच सगळ्यांनी बेलभंडार उचलून शपथ घेतली होती: ज्याच्या नावानं पाणी चढेल, त्याला वाडीबाहेर काढायचं. विधवा हरणाबाईला ही वाडी आणि चाळीस मेंढरं सोडून दुसरं काही नव्हतं. मी इथला मास्तर. मीही गप्पच उभा होतो.

"आवं, लोकर कातरायच्या आदी मेंढरं समदीच धुत्यात," ती म्हणाली. "खाडीवर आपुन मेंढरं बसवायचो ती जागा पाण्याखाली गेली, येवढंच मी येऊन सांगितलं."

कोकरं तपासायला आलेल्या जनावरांच्या डॉक्टर अर्शिया मुलाणी पुढं झाल्या. चंबूला हात लावला आणि झटकन मागं घेतला. मग चिमट्यानं राख उकरली. खाली लालबुंद निखारे.

त्यांनी पिशवीतून थर्मामीटर काढला. "हरिबा, मेंढराला ताप आला की यातला पारा का चढतो?"

"तापतो म्हणून," म्हातारा हरिबा म्हणाला.

"पाणीही तापलं की फुगतं."

त्यांनी चंबू फडक्यात धरून मेंढरांच्या पाण्याच्या दगडी डोणीत हळूहळू बुडवला. थोड्या वेळानं पाणी खाली उतरलं. मग पुन्हा निखाऱ्यांवर ठेवून म्हणाल्या, "आता बाबांचं नाव घेते."

पाणी चढलं.

"समुद्र असाच तापतोय," त्या म्हणाल्या. "आपण कोळसा, डिझेल, पेट्रोल जाळतो, त्याचा वायू हवेत ऊब धरून ठेवतो. पाणी फुगतं, शिवाय जमिनीवरचा बर्फ वितळून त्यात भर पडते. हवामानही त्यानंच बिघडतं. हरणाबाई तर कोकणात पायी जाते."

फटफटीवर रेलून उभे असलेले दोघं खाली बघू लागले.

"पर आमी भंडार उचललाय," हरिबा पुटपुटला. "त्यो कसा मोडायचा?"

"मोडू नगा की," हरणाबाई म्हणाली. "आत्ता पाणी कुणाच्या नावानं चढलं?"

बाबा झोळी उचलून फाट्याकडे चालू लागला. कुणी अडवलं नाही.

राख उकरायला बाहेरून डॉक्टर याव्या लागल्या, मास्तर तिथंच उभा असताना. मला किळस त्या मास्तराचीही येते. तुमच्या गावात असा चंबू आला तर कुणाचं नाव निघालं ते विचारू नका. खाली काय जळतंय ते बघा.